आधी यादी, मग लिंक

बाबा, तू शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झालास हे तुझ्या आईनं सांगितलं. आणि अध्यक्ष झाल्या झाल्या "आमच्या लिंकवरून ऑनलाइन खरेदी करा, शाळेला कमिशन मिळेल" असा मेसेज गावच्या ग्रुपवर टाकलास, हे ग्रुपनंच सांगितलं. तो मेसेज आधी काढ. मग बोलू.

आत्याला फोनमधलं काय कळतं, असं मनात येत असेल तर येऊ दे. जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्य गेलं माझं. शैक्षणिक उठाव, लोकवाटा, वर्गणी, नावं बदलत गेली तरी पैसा गोळा करायचं काम तेच होतं. आता तो फोनवरून येतो, एवढाच फरक.

तू जे करायला निघालास त्याचा उगम अमेरिकेतला. तिकडं ॲमेझॉननं २०१३ मध्ये 'स्माइल' नावाची योजना काढली. गिऱ्हाइकानं आपल्या आवडीची संस्था निवडायची, नेहमीसारखी खरेदी करायची आणि किमतीचा अर्धा टक्का कंपनीनं त्या संस्थेला द्यायचा. शाळांच्या पालक संघांपासून देवळांपर्यंत सगळ्यांनी नावं नोंदवली. २० फेब्रुवारी २०२३ ला कंपनीनं ती योजना गुंडाळली. कारण त्यांनीच सांगितलं: संस्था दहा लाखांच्या वर, आणि एकेकीच्या वाट्याला सरासरी २३० डॉलरसुद्धा येत नव्हते. आता आपल्या गावाचा हिशेब मांड. चाळीस हजारांचा प्रोजेक्टर अर्ध्या टक्क्यानं घ्यायचा तर ऐंशी लाखांची खरेदी व्हायला हवी. साबणापासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत सगळं गावानं ऑनलाइन घेतलं तरी हे वर्षात व्हायचं नाही. आणि मग आपल्या चौकातल्या किराणा दुकानदारानं काय करायचं? गणपतीची, सप्त्याची आणि शाळेची पहिली पावती तोच फाडतो.

आपल्याकडं असली योजना नाही, म्हणून तू ॲमेझॉनचा 'असोसिएट' होऊन कमिशनची लिंक काढलीस. त्याच्या अटी वाचल्यास का? आपल्या लिंकवरून घ्या म्हणून कुणालाही आमिष दाखवायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. सूट, बक्षीस यांच्याबरोबर 'धर्मादाय संस्थेला देणगी' हेसुद्धा त्या आमिषांच्या यादीत घातलंय. स्वतःच्या लिंकवरून स्वतः घेतलं तरी कमिशन नाही. म्हणजे "लिंकवरून घ्या, शाळेला मिळेल" हे वाक्यच अटीबाहेरचं. खातं बंद झालं, साठलेलं कमिशन अडकलं तर तक्रार कुणाकडं करणार? शिवाय ते कमिशन तुझ्या पॅनवर, तुझ्या खात्यात येतं. उद्या ग्रामसभेत कुणी उठून विचारलं, "अध्यक्ष, आमच्या खरेदीचं कमिशन तुमच्या नावावर कसं?" तर काय सांगशील?

थेंबे थेंबे तळे साचे, असं तू म्हणशील. पण राजा, थेंब आपल्या शिवारात पडला तरच आपलं तळं भरतं. लोकमान्यांच्या काळात अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा फंड काढला. माणशी एक पैसा. पण तो घ्यायला माणूस दारात जायचा, आणि त्यातून काय करायचं ते ठरलेलं होतं. १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला तो त्यातून. कर्मवीरांच्या मुष्टिफंडातही घरोघरची बाई मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायची, कारण त्यावर कुणाची लेकरं जेवणार ते तिला ठाऊक होतं. रक्कम लहान होती, पण देणाऱ्याला घेणारा दिसत होता. लिंकमध्ये नेमकं हेच नाही. दाबणाऱ्याला वाटतं आपण काहीतरी दिलं, आणि शाळेला पाच रुपये मिळतात.

आता करायचं काय ते सांगते.

पहिलं म्हणजे यादी कर, आणि ती दोन भागांत कर. एका भागात लोक आनंदानं देतात त्या वस्तू: वह्या, दप्तरं, गोष्टीची पुस्तकं, खेळाचं साहित्य, पाण्याचा फिल्टर. दुसऱ्या भागात ज्याला कुणी हात लावत नाही ते: वीजबिल, पाण्याची टाकी धुण्याची मजुरी, मोटारीची दुरुस्ती, संडासाचा तुंबलेला पाइप, खिडकीची जाळी. कुठल्याही शाळेची खरी अडचण या दुसऱ्या भागात असते. डिजिटल वर्गासाठी लोकांनी टीव्ही दिले, पाट्यांवर नावं रंगवून घेतली, आणि थकलेल्या बिलापोटी वीज तोडली तेव्हा त्याच टीव्हीवर कापड घालून ठेवावं लागलं. ही कहाणी एका-दोन गावांची नाही. वीजबिलाला देणगीदार मिळत नाही, बाबा. त्याच्या पावतीवर कोण नाव टाकून घेईल?

पहिल्या भागासाठी ऑनलाइन खरेदी सोन्यासारखी आहे. मोठ्या दुकानांच्या ॲपवर इच्छायादी करता येते, तिची लिंक पाठवता येते, आणि चाकणच्या कंपनीत लागलेला आपला पोरगा तिथूनच वस्तू घेऊन थेट शाळेच्या पत्त्यावर पाठवू शकतो. पैसा हातात येत नाही, म्हणून संशयही येत नाही. हैदराबादची डोनेटकार्ट ही कंपनी २०१६ पासून हेच करते: देणगीदार पैसे भरतो, संस्थेला वस्तू पोचते. तिचा व्यवहार नोंदणीकृत संस्थांशी असतो. आपल्या एकट्या शाळेला आपली आपणच यादी केलेली पुरते.

पण यादी नीट लिही. 'वह्या' असं लिहिशील तर येतील जाड पुठ्ठ्याच्या, कोऱ्या पानांच्या, ऑफिसात वापरायच्या. पहिली-दुसरीला दुरेघी लागते, इंग्रजीला चौरेघी, गणिताला चौकटीची, वरच्या वर्गांना एकरेघी. किती पानी ते लिही. शंभर पानी पुरते तिथं १७२ पानी मागू नको, लेकरांच्या पाठीला ओझं होतं. बूट मागायचे असतील तर वयावरून माप सांगू नको. प्रत्येक लेकराला कागदावर उभं कर, पेन्सिलीनं पायाभोवती रेघ ओढ, टाचेपासून अंगठ्यापर्यंत पट्टीनं सेंटिमीटर मोज आणि ॲपवरच्या मापाच्या तक्त्याशी जुळव. आमच्या गावच्या मोकळ्या पायांना वयाच्या हिशेबाचा बूट बसत नाही, पंजा रुंद असतो. एक नंबर मोठा माग, म्हणजे वर्षभर टिकतो.

पत्त्याचंही असंच. शाळेचं नाव आणि पिनकोड दिला की पार्सल आलं, असं होत नाही. कुरिअरवाला तालुक्याला थांबतो, फोन करतो, उचलला नाही तर 'ग्राहक उपलब्ध नाही' लिहून माल परत. दुपारी एकला मुख्याध्यापक केंद्राच्या बैठकीत असतात आणि ओटीपी त्यांच्या खिशात. म्हणून गावातलं दिवसभर उघडं असणारं एखादं दुकान पत्त्यात घाल, तिथला नंबर दे, आणि दिवाळीच्या सुट्टीत यादी बंद ठेव. खोकं उघडताना दोघं-तिघं हजर पाहिजेत. उघडलं की तिथल्या तिथं साठा नोंदवहीत लिहायचं: वस्तू, नग, कुणाकडून, तारीख. देणाऱ्याला त्या पानाचा फोटो पाठव.

फोटोवरून आठवलं. लेकरांचे चेहरे यादीबरोबर टाकू नको. फाटका सदरा, केविलवाणी नजर, खाली 'मदत करा', असले फोटो चालतात हे मला माहीत आहे. पण ती पोरगी उद्या बीडच्या कॉलेजात जाईल आणि हा फोटो तिच्या मागं मागं जाईल. ज्या लेकरांना काळजी आणि संरक्षणाची गरज आहे त्यांची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्यानंच मनाई आहे. पालीच्या इन्फंट इंडियात एचआयव्हीसह जगणारी लेकरं राहतात. तिथल्या एका चेहऱ्याची किंमत काय होईल याचा विचार कर. आपल्याकडं कुणाचे आईबाप ऊस तोडायला कोयत्यावर गेलेत, कुणाचा बाप नाही, हे गावाला ठाऊक असतं, जगाला कळायची गरज नाही. वह्यांच्या गठ्ठ्याचा फोटो टाक. रंगवलेल्या भिंतीचा टाक. पाठमोरा वर्ग टाक.

आता यादीचा दुसरा भाग, वीजबिलाचा. त्याला रोख पैसा लागतो, आणि तो दरवर्षी लागतो. इथं मात्र ऑनलाइन खरेदी उलटी वापरायची. लोकांनी दुसऱ्याचा माल घेऊन आपल्याला अर्धा टक्का द्यायची वाट बघण्यापेक्षा आपला माल विकायचा.

तुझ्या डोक्यात सीताफळ येणार, कारण बालाघाटच्या डोंगरात दुसरं काय दिसतं? बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण ते फळ झाडावरून उतरलं की तीन-चार दिवसांत पिकतं आणि पिकलं की बोट लावलं तरी फुटतं. पुण्याला पोचेपर्यंत खोक्यात रबडी होईल. गर काढून पाठवायचा तर गोठवायची सोय पाहिजे. ज्यांची यंत्रणा आहे त्यांनी ते करावं.

दुसरी सूचना बाया करतील: कुरडया, पापड्या. चवीला तोड नाही. पण कुरिअरवाला नुसतं वजन बघत नाही, खोकंही मोजतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये, तिघांचा गुणाकार, भागिले पाच हजार. आलेला आकडा म्हणजे किलो, आणि खऱ्या वजनापेक्षा तो जास्त असेल तर त्यावरच पैसे. कुरडया मोडू नयेत म्हणून चाळीस बाय तीस बाय पंचवीसचं खोकं घेतलंस की झाले तीस हजार, म्हणजे सहा किलो. आत कुरडई एकच किलो. मालापेक्षा भाडं जड. वर पोचेपर्यंत निम्मा चुरा.

म्हणून येसर विक. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाला, दळून घट्ट दाबून भरलेलं पाकीट. जागा कमी, वजन कमी, मोडायचं भय नाही. नीट भाजलं आणि कोरडं ठेवलं तर टिकतं. मुख्य म्हणजे पुण्या-मुंबईत पैसे टाकूनही मराठवाड्याच्या चवीचं येसर सहजासहजी मिळत नाही. बाहेर राहणाऱ्या आपल्या माणसाला येसराच्या आमटीची आठवण लग्नसराईत हमखास येते. सोबत काळं तिखट ठेव. कुणाला वाकळ शिवून हवी असेल तर ती वेगळी ऑर्डर. तिला वेळ लागतो आणि तिची किंमत पाडून मागणाऱ्याला सरळ नाही म्हणायचं.

विक्री शाळेनं करायची नाही, हे पक्कं ध्यानात ठेव. शाळेनं दुकान मांडलं की गटशिक्षणाधिकाऱ्यांपासून गावातल्या विरोधी पार्टीपर्यंत सगळे चौकशीला येतील, आणि त्यांचं चुकतंय असंही म्हणता येणार नाही. विक्री बचत गटाची. खातं गटाचं, अन्नसुरक्षेची नोंदणी गटाच्या नावावर, पाकिटावर त्या नोंदणीचा नंबर, वजन, घटक, तयार केल्याची तारीख. 'उमेद'ची ताई तुला अर्ज भरून देईल. अंबाजोगाईच्या मानवलोक संस्थेनं १९८२ पासून या भागात काम केलं, शैलाताई लोहियांनी बायांसाठी मनस्विनी उभी केली. आपल्याकडच्या बायांना गट म्हणजे काय ते नव्यानं शिकवायला नको, तू फक्त मधे मधे करू नको.

किंमत ठरवताना बायांची मजुरी आधी धर. शाळेसाठी आहे म्हणून फुकट दळा, फुकट भाजा, हे एका हंगामापुरतं चालतं; दुसऱ्या हंगामाला कुणी येत नाही, आणि येऊही नये. समज, पाव किलोचं पाकीट दीडशेला ठेवलं. माल, मजुरी, पाकीट, गटाचा नफा हे सगळं वजा जाऊन शाळेला वीस रुपये ठरवले. ते पाकिटावरच छाप: 'यातले वीस रुपये शाळेच्या वीजबिलासाठी.' वीस रुपये तुला लहान वाटतील. त्या अमेरिकी अर्ध्या टक्क्यानं वीस रुपये मिळवायला चार हजारांची खरेदी लागते.

हंगाम मात्र आपला आपण बघायचा. कॅलेंडरवाले दिवाळीला विका म्हणतील. दसरा-दिवाळीला आपलं निम्मं गाव ट्रकात भरून कारखान्यावर जातं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतं. दळणारे हात तेव्हा उसाच्या फडात असतात. म्हणून चैत्र-वैशाखात, बाया घरी असताना आणि ऊन कडक असताना धान्य वाळवून ठेव, आणि दिवाळीच्या ऑर्डरी भाद्रपदातच घे. आधी ऑर्डर आणि पैसे, मग भट्टी. आधी क्विंटलभर करून मग गिऱ्हाईक शोधणाऱ्या गटांचा माल मी पोत्यांत किडताना पाहिलाय.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शाळेचे माजी विद्यार्थी. भोसरी, हडपसर, वाळूज, जिथं असतील तिथून शोध. मोठ्या ॲपवर जायची घाई नको. २०२३ च्या ऑक्टोबरपासून जीएसटी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही आपल्या राज्यापुरतं ऑनलाइन बाजारात विकता येतं, त्यासाठी नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेर विकायचं तर जीएसटी नोंदणी आलीच. ते पुढच्या वर्षी बघ. पहिलं वर्ष व्हॉट्सॲप आणि पोस्टानं काढ. पहिलं पाकीट लोक गावाच्या मायेनं घेतात. दुसरं घेतलं तर समज की येसर चांगलं आहे.

पैसे घेण्याबद्दल. तुझ्या फोनवरचा क्यूआर कोड शाळेच्या भिंतीवर लावू नको, कितीही सोयीचं वाटलं तरी. शाळेचं खातं तुझ्या आणि मुख्याध्यापकांच्या संयुक्त सहीचं आहे, देणगी तिथंच. "पैसे पाठवलेत, हा घ्या स्क्रीनशॉट" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नको. खात्यात जमा दिसली की पावती. आणि गटाच्या बायांना एवढं एकच वाक्य पाठ करून घे की पैसे घ्यायला पिन लागत नाही. "ऑर्डरचे पैसे पाठवतो, तेवढा पिन टाका" म्हणणारा माणूस मिलिटरीचा असो की मोठ्या हॉटेलचा, फोन ठेवून द्यायचा.

कुणी ८०जी ची पावती मागेल. आपल्या शाळेच्या समितीकडं ती नाही, तर नाही म्हणून सांग. मोठी देणगी असेल आणि त्यांना कर सवलत हवीच असेल तर ज्यांच्याकडं ती मान्यता आहे अशा नोंदणीकृत संस्थेमार्फत द्यायला सांग. रोख दोन हजारांच्या वर असेल तर तिथंही सवलत मिळत नाही. नवी करपद्धत घेणाऱ्यांना ती सवलतच नाही, त्यामुळं हल्ली विचारणारे कमी झालेत.

तुझा अमेरिकेतला वर्गमित्र डॉलर पाठवायला निघालाय म्हणे. त्याला एकच विचार: पासपोर्ट कुठला? भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेच्या रीतसर मार्गानं पाठवत असेल तर ते परदेशी देणगीत धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो आडनावानं कितीही आपला असला तरी कायद्याच्या लेखी परदेशी, आणि त्याचा पैसा घ्यायला एफसीआरएची नोंदणी लागते. ती असलेल्या संस्थेला, दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या शाखेतच, पैसा घ्यावा लागतो. आपल्यासारख्यांनी त्या वाटेला जायचं नाही. त्याला म्हणावं, सुट्टीत गावी ये, लेकरांना दोन तास इंग्रजी बोलायला शिकव. त्यानं जिल्ह्यालाच द्यायचं ठरवलं असेल तर आर्वीला नागरगोजे पती-पत्नींनी ऊसतोड मजुरांच्या लेकरांसाठी उभं केलेलं शांतिवन आहे, गेवराईचं बालग्राम आहे. त्यांच्याकडं काय चालतं ते त्यानं स्वतः विचारावं. आपल्याच झोळीत पडलं पाहिजे असं काही नाही.

हिशेब. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाच, कारण तेव्हा गाव गावात असतं. २६ जानेवारीला वाचशील तर ऐकायला म्हातारी माणसं आणि झेंडा. पण कारखान्यावर गेलेल्या पालकांनाही तो कळला पाहिजे. समितीत पालकच तीन चतुर्थांश आहेत. तेव्हा एक पान, मोठ्या अक्षरात, फोटो काढून ग्रुपवर, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेच बोलून पाठव. किती आले, कशाला गेले, किती उरले. वीजबिलाची पावतीही त्यात घाल. कुणी उलट प्रश्न विचारला तर चिडू नको. प्रश्न विचारणारा पालक म्हणजे शाळेकडं लक्ष असलेला पालक.

आणि एक काम या आठवड्यातच कर. बँकेचं खातं, ॲपवरची यादी, कुरिअरचं लॉगिन, हे सगळं आत्ता कुणाच्या मोबाइल नंबरवर आहे ते बघ. मुख्याध्यापकांच्या असणार. उद्या त्यांची बदली आष्टीला झाली की नंबरही आष्टीला जाईल, आणि ओटीपीसाठी तुम्ही त्यांना फोन करत बसाल. शाळेच्या नावानं वेगळं सिम घे, साध्या फोनमध्ये टाक, फोन शाळेच्या कपाटात ठेव. सिम नुसतं पडून राहिलं तर काही महिन्यांनी कंपनी तो नंबर दुसऱ्याला देते. म्हणून रिचार्ज कुणी करायचं, कुठल्या पैशातून, आणि सुट्टीत फोन कुणाच्या घरी राहणार, हे येत्या बैठकीतच ठरावात लिहून घे.